तम्मा तम्मा व्हाया वसमत

वसमतला हळदीचा हंगाम आणि लग्नसराई हातात हात घालून येतात. मोंढ्यात हळदीच्या ढिगांचं बीट चालू असतं, तेव्हाच गल्लोगल्लीच्या मांडवांत नवरदेवांना हळद लागत असते. पहिली हळद क्विंटलवर मोजतात, दुसरी डेसिबलवर. पहिलीचा भाव वरखाली होतो. दुसरीचा आवाज फक्त वर जातो, खाली आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. खाली आला असला तरी आता मला ऐकू येण्याची शक्यता कमीच.

आमचं घर मारुतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेरगावच्या वाचकाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडं लग्न लागण्याआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला परण्या म्हणतात. मारुती ब्रह्मचारी. त्याच्या पंथातून बाहेर पडताना प्रत्येक तरुण रीतसर राजीनामा देऊन येतो, अशी माझी समजूत आहे. हा राजीनामा थोडक्यात उरकत नाही. पुढं डीजेची गाडी, तिच्या मागं नाचणारी पोरं, त्यांच्या मागं घोड्यावर घामानं निथळणारा नवरदेव आणि सगळ्यात शेवटी, नाचायचं की मानपानाच्या पिशव्या सांभाळायच्या या पेचात पडलेल्या आत्या-मावश्या. आमच्या दारासमोर रस्ता जरा रुंद आहे, त्यामुळं परण्या तिथं हमखास थांबतो. रस्ता रुंद झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात बसून डीजेची प्रतवारी करतात. वाट्या वाजल्या तर साधा. परात वाजली तर बरा. फळीवरचा कुकर जागचा हलला तर "नांदेडहून आणलेला दिसतोय" असं त्या म्हणतात, आणि त्यात नवऱ्या मुलाच्या बापाविषयी थोडा आदरही असतो.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक परण्या दारात थांबला. दिवे भिरभिरले, धूर सुटला, एका घोगऱ्या आवाजानं डीजेचं नाव तीनदा पुकारलं आणि मग हलगीच्या ठेक्यावर 'तम्मा तम्मा' सुरू झालं. हलगीवर तम्मा तम्मा! संतापून खिडकी लावायला उठलो तर गुडघेदुखीच्या गोळ्या खाणारा माझा उजवा पाय माझी परवानगी न घेता ठेका धरून बसला होता. संगीत हृदयाला भिडतं म्हणतात. वसमतला ते आधी गुडघ्याला भिडतं.

डीजेवाला पोरगा माझा जुना विद्यार्थी निघाला. शाळेत असताना त्याचा आवाज कधी निघाला नव्हता, त्याची भरपाई तो आता करत असावा. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर भेटला.

"काय रे, परवाचं ते तम्मा तम्मा कुठून आणलंस?"

"आणलं न्हाई सर, मीच बनवलंय. ओरिजनल घेतलं, त्याला हलगी टाकली, बेस वाढवला अन् मधी आपलं नाव टाकलं."

"ओरिजनल म्हणजे कुठलं?"

"अगेनचं. वरुण धवन, आलिया भट."

"अरे, ते संजय दत्त आणि माधुरीचं गाणं आहे. त्याचं यांनी रिमिक्स केलं."

"आसं व्हय?" पोरगं विचारात पडलं. "मंग संजय दत्तवाल्यांनी कुणाचं केलं होतं?"

आयुष्यभर मी त्याला प्रश्न विचारले, त्यानं मला पहिल्यांदाच एक विचारला, आणि तो इतका नेमका निघाला की बशीतला चहा निवून गेला तरी उत्तर संपेना.

आता हिशोब असा आहे. 'बद्रीनाथ की दुल्हनिया' 2017 चा. त्यात तनिष्क बागचीनं 'तम्मा तम्मा अगेन' केलं, बाप्पी लाहिरी आणि अनुराधा पौडवालांचे जुनेच आवाज ठेवून त्यात बादशहाचं रॅप घातलं. ते जुने आवाज 1990 च्या 'थानेदार'मधले. माझ्या पिढीचं ओरिजनल ते. त्यातला खुर्च्यांवरचा नाच पाहून गावोगावच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये खुर्च्यांना जे भोगावं लागलं ते त्यांनाच ठाऊक. माधुरीच्या खुर्चीला काय जादू होती कोण जाणे. आमच्याकडं मांडववाल्याच्या घडीच्या लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला एक खुर्ची मिटली आणि आतला कलाकार तिच्यातच राहिला. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या. तो खुर्चीनाच मुंबईला सुचण्याच्या आदल्याच वर्षी तिकडं अमेरिकेत जॅनेट जॅक्सन 'मिस यू मच'च्या व्हिडिओत खुर्च्या घेऊन नाचली होती, ही आणखी एक गंमत.

'थानेदार' पाठोपाठ 1991 मध्ये मुकुल आनंदचा 'हम' आला. अमिताभ, किमी काटकर, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं संगीत आणि 'जुम्मा चुम्मा'. आवाज सुदेश भोसलेंचा, पण ते कुणाला पटायचं नाही. लोकांच्या लेखी ते अमिताभनंच गायलं होतं. त्या काळात आमच्याकडं वराती ब्रास बँडच्या असत. लाल कोट, पिवळी झालर, पायात मात्र स्लीपर. त्यातले एक बँडमास्तर क्लॅरिनेट वाजवायचे, गालांचे दोन फुगे करून. ते 'तम्मा तम्मा' वाजवता वाजवता मध्येच 'जुम्मा चुम्मा'त शिरत आणि नाचणाऱ्यांच्या पायांना त्याचा पत्ताही लागत नसे. मी एकदा विचारलं, "मास्तर, हे कसं जमवता?" त्यांनी क्लॅरिनेटची जिभली पुसत सांगितलं, "जमवायचं काय त्यात? दोघं मावसभाऊ हायेत. एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो."

मास्तरांनी कुळी बरोबर ओळखली होती, फक्त आजोळ कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. ते आजोळ पश्चिम आफ्रिकेत, गिनी नावाच्या देशात निघतं. मोरी कांते नावाच्या गायकाचा 1987 मध्ये 'आक्वाबा बीच' हा अल्बम आला. त्यात 'तामा' नावाचं गाणं आहे. त्याच एका गाण्यातून मुंबईच्या दोन संगीतकारांनी वर्षभराच्या अंतरानं दोन गाणी काढली. दोघेही नामवंत, दोघेही पट्टीचे. एकाच विहिरीवर दोघांच्या मोटा चालू होत्या, आणि विहीर तिसऱ्याची. 'हम'वाल्यांनी तर आणखी एक खेप केली. 'एक दूसरे से करते हैं प्यार हम' हे भावाभावांच्या प्रेमाचं गाणं त्याच अल्बममधल्या 'इन्श अल्ला'वरून आलेलं. आज ते प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाऊबीजेला हजेरी लावतं. वाटणीचा दावा कोर्टात चालू असलेले भाऊही ते एकमेकांना पाठवतात.

मोरी कांतेचा जन्म 1950 चा. घराणं ग्रियोंचं. ग्रियो म्हणजे तिकडचे वंशपरंपरागत गायक. राजांच्या वंशावळी, लढाया, कुणाचा बाप कोण, कुणी कुणाला जमीन दिली, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवायचं आणि लग्नात, बारशाला, जत्रेत गाऊन दाखवायचं. आपल्याकडं भाट होते, माहूरच्या रेणुकेचे गोंधळी अजूनही संबळ घेऊन लग्नघरी येतात आणि यजमानाच्या कुळातल्या देवांना एकेक करून गोंधळाला बोलावतात, त्यांच्याच जातकुळीतला हा माणूस. त्याचं वाद्य कोरा. एका मोठ्या भोपळ्याचे दोन भाग करायचे, अर्ध्यावर कातडं ताणायचं, त्यात दांडी खोचायची आणि 21 तारा लावायच्या. मांडीवर घेऊन दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी वाजवायचं. आवाज सतारीपेक्षा पाण्याला जवळचा. त्या गाण्याचं नाव 'तामा', आणि तामा नावाचं एक वाद्यही तिकडं आहे. मधे चिमटलेलं, डमरूच्या आकाराचं. ते काखेत धरायचं, बाजूच्या दोऱ्या काखेनं दाबल्या की सूर चढतो, ढिल्या सोडल्या की उतरतो. आपल्या गोंधळ्याला ते हातात दिलं तर दहा मिनिटांत त्याच्यावर आई भवानीला बोलावेल, याबद्दल मला शंका नाही.

या मोरी कांतेची पहिली मोठी नोकरी रेल्वेच्या बँडमध्ये. हे मी गमतीनं सांगत नाही. शेजारच्या माली देशात, बामाको शहरात, सरकार आणि रेल्वे यांच्या आश्रयानं 1970 मध्ये रेल बँड नावाचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. स्टेशनच्या हॉटेलात तो वाजायचा. प्रवासी गाडीची वाट बघत गाणी ऐकायचे. सलिफ केटा नावाचा थोर गायक आधी तिथं गात असे, तो सोडून गेल्यावर मोरी कांते गाऊ लागला. त्या बँडबरोबर त्यानं तेराव्या शतकातल्या सुंजाता राजाच्या वनवासाची कथा गायली, जवळजवळ अर्ध्या तासाची. मला हे वाचल्यापासून पूर्णा जंक्शन डोळ्यांसमोर येतं. तिथं अकोल्याच्या गाडीची वाट बघत माणसानं किती तास काढले असतील! दक्षिण मध्य रेल्वेनं तिथं एक बँड ठेवला असता तर आमच्या भागातून निदान दोन-चार तरी मोठे गायक निघाले असते, गाडीला उशीर व्हायची सवय तर होतीच. पण रेल्वेच्या पाट्यांवर आमचं वसमत अजून 'बसमत'च आहे. जिथं गावाचं नाव बदलायला वेळ नाही तिथं बँड कुठला आणणार?

पुढं कांते आबिजानला गेला, तिथून 1984 च्या सुमाराला पॅरिसला. तिथं त्यानं आपल्या कोऱ्याला वीज जोडली, सोबतीला सिंथेसायझर आणि ब्रास घेतलं. लोक त्याला इलेक्ट्रॉनिक ग्रियो म्हणू लागले. म्हणजे पहिलं रिमिक्स त्यानंच केलं, आणि तेही स्वतःच्या खापरपणजोबांचं. 'आक्वाबा बीच'मध्ये 'ये के ये के' नावाचं आणखी एक गाणं होतं, मांडिंका परंपरेतल्या जुन्या गाण्यावरूनच उभं केलेलं. ते 1988 मध्ये युरोपात असं उसळलं की काही देशांत ते यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दहा लाखांवर खपलेलं पहिलं आफ्रिकन सिंगल म्हणून त्याची नोंद झाली. ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं असे लाखो लोक ते गात होते. यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्या गल्लीत पंजाबी गाण्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना पंजाबी येतं?

मग 'ये के ये के'च्या मागं डीजे लागले. सगळ्यात गाजलं ते जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या हार्डफ्लोर या जोडगोळीचं 1994 चं रिमिक्स. त्यात एका जपानी यंत्राचा कुईकुई आवाज आहे. रोलँड कंपनीनं 1981 मध्ये टीबी-303 नावाचं एक चंदेरी डबडं काढलं होतं. एकट्यानं गिटारचा रियाज करणाऱ्याला साथीला बेस वाजवून द्यावा, एवढाच त्याचा उद्देश. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा येईना. गिऱ्हाईक फिरकेना, 1984 ला कंपनीनं ते बंद केलं आणि जुन्या बाजारात ते मातीमोल भावानं गेलं. तिथून ते खिशात दमड्या नसलेल्या अमेरिकन पोरांच्या हाती लागलं, त्यांनी त्याच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या, आणि त्यातून जो आवाज निघाला त्यावर जगभरचे डिस्को नाचू लागले. तर गिनीच्या ग्रियोचा गळा, पॅरिसचा स्टुडिओ, जपानचं नापास यंत्र आणि जर्मनांची शिस्त. पुढं 2000 साली लिओनार्डो डिकॅप्रिओच्या 'द बीच' या चित्रपटातही ते घेतलं. इतक्या हातांतून गेलं तरी कांतेचा आवाज त्यात ओळखू येतो. चांगल्या रिमिक्सची माझी कसोटी एवढीच आहे. मूळ माणूस त्यात जिवंत पाहिजे.

आमच्या पिढीची रिमिक्सवाल्यांवर फार खुन्नस. "आमच्या वेळची गाणी नासवली" हे वाक्य पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पेन्शनच्या कागदांबरोबरच मिळत असावं. पण खरं सांगायचं तर या गावात राहून मला तसं म्हणायचा धीर होत नाही. हळद शेतातून निघते तेव्हा तिच्याकडं बघवत नाही. माती लागलेली, मुळ्या फुटलेली. ती उकडतात, पंधराएक दिवस उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात. त्याला पॉलिश म्हणतात. एकमेकांवर घासून वरचं साल जातं आणि हळकुंड सोन्यासारखं झळकायला लागतं. बीटाला व्यापारी आधी झळाळी बघतो आणि मग मोडून आतला रंग बघतो. पॉलिश केल्यानं हळद खोटी होत नाही, फक्त पॉलिशवाल्यानं ती मी पिकवली असं म्हणू नये. गाण्यांच्या बाजारात नेमकं तेच म्हणतात.

आणि पिकवली कुणी हेही तपासायला गेलं तर पंचाईत आहे. आमच्या हळदीला 2024 मध्ये वसमत हळद या नावानं जीआय मानांकन मिळालं. वर्ध्याच्या वायगाव हळदीला आणि सांगलीच्या हळदीला ते आधीच मिळालं होतं, त्यामुळं आमच्या मोंढ्यात जरा मानापमान चालला होता, तो मिटला. आता दुसऱ्या कुठल्या हळदीवर वसमतचं नाव घालता येणार नाही. बरोबरच आहे. पण आमच्या शेतांत जे सेलम वाण सगळीकडं लावतात ते नावाप्रमाणंच तमिळनाडूच्या सेलमकडून आलेलं. ते आलं, इथल्या काळ्या जमिनीला मानवलं, इथलं होऊन गेलं. आम्ही त्याला अजून सेलमच म्हणतो, मोंढ्यातल्या पावतीवरही तेच लिहितो. त्यानं ना आमचा अभिमान कमी झाला ना भाव. बाहेरून आलेल्या गोष्टीला तिच्या गावाचं नाव ठेवून आपलंसं करता येतं, एवढं हळदीच्या व्यापाऱ्याला कळतं. मुंबईच्या कॅसेट कंपन्यांना तीस-पस्तीस वर्षांत कळलं नाही.

स्वतः वसमतचंही कितीदा रिमिक्स झालं ते सांगायला नको. माझ्या वडिलांच्या लहानपणी हे गाव निजामाच्या राज्यात होतं. 17 सप्टेंबर 1948 नंतर भारतात आलं. 'तम्मा तम्मा' आलं तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला, त्यामुळं 'तम्मा तम्मा अगेन' आम्ही हिंगोली जिल्ह्यात ऐकलं. गाव तेच, चिंचेचं झाड तेच, फक्त शिक्का आणि कचेरीचा रस्ता बदलला.

माझी तक्रार आहे ती दुसरीच. त्या पोराच्या मिक्समध्ये वीस-वीस सेकंदांनी त्याचं नाव येतं. आधी मला ते फार खुपलं. गाणं रंगात आलं की मध्येच कुणीतरी भिंतीवरून उडी मारल्यासारखं ओरडतं, "डीजे अमुकतमुक इन द मिक्स!" मी त्याला विचारलं, कामून रे हे? तो म्हणाला, "सर, नाव न्हाई टाकलं तर दुसऱ्या गावचा डीजे आपलं गाणं चोरतो अन् त्याचं म्हणून वाजवतो. नाव आसं टाकावं लागतं की कापायला गेला तर ठेकाच मोडला पाह्यजे."

मला एकदम नामदेव आठवले. त्यांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ते आपलं नाव विणून ठेवत. कापायला जावं तर अभंगच उसवतो. हा माणूस गात गात पंजाबात घुमानपर्यंत पोचला. तिथल्या भाषेत, तिथल्या रागांत, तिथल्या रबाबांवर त्यांची पदं गायली गेली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. साडेसहाशे वर्षं, दुसरा मुलूख, दुसरी लिपी, दुसरे गाणारे, आणि नाव जागच्या जागी. एवढं फिरलेलं गाणं दुसरं सांगा! नरसीपासून वसमत काही फार लांब नाही, त्यामुळं आमच्या पोराला ही अक्कल पाण्यातूनच मिळाली असणार.

गंमत बघा, ज्याचं घराणंच नावं लक्षात ठेवण्यासाठी नेमलेलं होतं, शेकडो वर्षांच्या राजांची नावं ज्यांच्या जिभेवर होती, त्या घराण्यातल्या माणसाचं नाव बामाको ते वसमत या प्रवासात कुठंतरी फलाटावर राहिलं. गाणं आलं, ठेका आला, खुर्च्या आल्या, घोडा आला, धूर आला. फक्त नाव तेवढं आलं नाही.

कांतेचं बाकी काही वाईट झालं असं नव्हे. नाव झालं, मान मिळाला. अन्न आणि शेतीचं काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेनं 2001 मध्ये त्याला सदिच्छा दूत केलं. 2004 मध्ये त्यानं 'साबू' नावाचा अल्बम काढला, त्यात विजेची सगळी भानगड बाजूला ठेवून पुन्हा कोरा, बालाफोन आणि साधी वाद्यं घेतली. इतकी वर्षं जगाला नाचवून झाल्यावर माणूस घरच्या ओसरीवर येऊन बसतो तसा. 22 मे 2020 ला कोनाक्रीच्या रुग्णालयात तो गेला, सत्तराव्या वर्षी. जुनं दुखणं होतं, उपचारांसाठी फ्रान्सला जात असे, पण महासाथीत विमानं बंद होती. त्या मे महिन्यात इकडं वसमतलाही सगळं बंद होतं. लग्नं लागली ती घरातल्या घरात, तोंडाला फडकी बांधून. आमच्या दारासमोरून एकही परण्या गेला नाही. फळीवरचा कुकर महिनाभर जागचा हलला नाही.

हे सगळं मी त्या पोराला टपरीवर सांगितलं. त्यानं मोबाईलवर लगेच कांतेचं 'तामा' शोधून लावलं. दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकलं. वर्गात त्यानं माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. संपल्यावर म्हणाला, "सर, ह्येच्यात तर आधीच सगळं हाय की. आपुन काय टाकलं मंग?"

"तू हलगी टाकलीस."

"ती चांगली बसलीय का पण?"

चांगली बसली होती, आणि मी त्याला तसं सांगितलं. हलगी तिथं उपरी वाटत नाही. ते गाणं नाचायलाच जन्मलं होतं, नाचतानाच ते इतकं फिरलं, आणि परण्यातली घामाघूम पोरं त्याला मुंबईच्या गुळगुळीत स्टुडिओपेक्षा जास्त जवळची आहेत. गिनीतल्या लग्नात तरी दुसरं काय चालत असेल? एक वाजवणारा, चार नाचणारे, एक रुसलेला आत्याचा नवरा.

तेव्हा वसमत, पूर्णा, औंढा, कळमनुरी आणि हिंगोलीच्या तमाम डीजेवाल्यांना एका निवृत्त मास्तराची विनंती आहे. हलगी घाला, संबळ घाला, बेस वाढवा, माझ्या खिडक्यांचं मी बघून घेतो. तुमचं नावही घाला, घामाचं आहे. फक्त पुढच्या लग्नसराईत 'तम्मा तम्मा' किंवा 'जुम्मा चुम्मा' लावाल तेव्हा तुमच्या नावाआधी एकदा त्या माणसाचं नाव पुकारा. मोरी कांते. चारच अक्षरं आहेत, 'तम्मा तम्मा'चीही चारच. ठेक्यात बसतं, मी टेबलावर वाजवून बघितलंय.